डिझेलच्या पाटीवरचा आकडा

यशवंत परब यांचं नाव आधी घेतो. माझ्यावर उपकार अनेकांचे आहेत. कारंज्याच्या जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलून मला शिकवणारे वडील आहेत, फी माफ करून देणारे हेडमास्तर आहेत. पण ज्या कामाने मला पुढे पस्तीस वर्षं पोसलं, ते काम मला परबांनी शिकवलं. ते मराठी चौथी शिकलेले होते आणि मी इंजिनीअर होतो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. कारंज्यात माझी पेढे वाटून मिरवणूक काढायची तेवढी राहिली होती.

हल्ली वेगवान गाड्यांचा विषय निघाला की आमच्या सोसायटीतले लोक मला हटकून विचारतात, "गावंडेकाका, डिझेल बरं की वीज बरी?" मी उत्तर द्यायला लागलो की दोन मिनिटांत प्रत्येकाला काहीतरी काम आठवतं. दिवाळी अंकाच्या वाचकाला निदान पान उलटायची सोय असते. म्हणून ते उत्तर इथे लिहितो आणि त्या उत्तरासाठी परबांना काय सोसावं लागलं, तेही लिहितो.

द्विभाषिक राज्याचा काळ होता. वऱ्हाड-नागपूर मुंबईशी जोडलं गेलं होतं आणि संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. परळ-लालबागच्या भिंतींवर चुन्याने लिहिलेल्या घोषणांवर दर आठवड्याला नवा हात फिरायचा. मी रेल्वेच्या परळच्या कारखान्यात प्रोबेशनवर नुकताच लागलो होतो. आमच्या छोट्या खात्याचं काम एकच, इंजिनांची परीक्षा घेणं. कुठलं इंजिन किती ओझं, किती वेगाने, किती वेळ ओढू शकतं ते प्रत्यक्ष मोजायचं आणि त्यावरून गाड्यांचं वेळापत्रक बांधता येईल असा तक्ता करून द्यायचा.

त्या वर्षी वरून प्रश्न आला. मुंबईहून नागपूरला दिवसाउजेडी पोचणारी जलद गाडी चालवायची तर ती कोणत्या इंजिनाने चालवावी? विजेच्या तारा तेव्हा इगतपुरीला संपत. तिथे विजेचं इंजिन सोडायचं, पुढे वाफेचं जोडायचं, यात वेळ जाई. डिझेलचं नवं इंजिन परदेशातून आलं होतं आणि ते परीक्षेसाठी काही आठवडे आमच्याकडे यायचं होतं. त्याला तारा लागत नाहीत. मुंबईला जोडलं की थेट नागपूर. म्हणजे वाटेत मूर्तिजापूर आणि तिथून छोट्या गाडीने माझं कारंजा. सकाळी परळहून निघून त्याच दिवशी आईच्या हातचं जेवायचं, हा विचार माझ्या डोक्यात होता हे आता कबूल करतो. डिझेलने जिंकावं असं मला वाटत होतं.

या दोन्हींतला फरक मला पहिल्यांदा नीट कळला तो लालबागच्या मसाल्याच्या गिरणीत. मी राहायचो त्या चाळीखालीच ती होती. आमच्या कारंज्याला पिठाची गिरणी होती, ती तेलाच्या इंजिनावर चालायची. त्यात कोणी एकदम जास्त दाणे ओतले की इंजिनाचा आवाज बसायचा आणि पट्टा सुटायच्या आधी ते बंदच पडायचं. लालबागच्या गिरणीला विजेची मोटार. मिरच्यांचा ढीग एकदम टाकला तरी ती गुरगुरायची, तापायची, पण ओढून न्यायची. मी मालकाला विचारलं, "असं किती वेळ चालतं?" तो म्हणाला, "हात लावून बघ. हात ठेवता येतोय तोवर चालतं."

विजेच्या रेल्वे इंजिनाचं हेच आहे. त्याच्यामागे सगळं वीजकेंद्र उभं असतं. स्टेशनातून सुटताना किंवा चढावर ते काही वेळ आपल्या नेहमीच्या ताकदीपेक्षा जास्त ओढू शकतं, फक्त मोटारी फार तापू द्यायच्या नाहीत. डिझेलकडे आहे तेवढीच शक्ती, ती त्याच्या पोटात. वेग वाढला की तीच शक्ती वेगात खर्च होते आणि ओढ कमी होते. मग विजेचंच चांगलं, असं कोणी म्हणेल. पण तारा, खांब, उपकेंद्रं उभी करायला वर्षं लागतात, आणि डिझेल उद्या सकाळी कुठल्याही रुळावर धावू शकतं. तर मग किती धावतं आणि किती ओढतं? आम्हाला तेच मोजायचं होतं.

मोजण्यासाठी एक खास डबा होता. इंजिन आणि गाडी यांच्या मध्ये तो जोडायचा. इंजिन गाडीला किती जोराने ओढतंय ते त्यातल्या मोठ्या स्प्रिंगवर येई आणि एक पेन ते कागदाच्या लांबलचक गुंडाळीवर रेघ काढून दाखवी. शेजारची पेनं वेग आणि वेळ लिहीत. मैलाचा दगड आला की माणूस बटण दाबून कागदावर खूण करी. त्या माणसाचं नाव यशवंत परब. मूळचे मालवणकडचे, राहायला घोडपदेवला, वय पंचेचाळीसच्या आसपास. अंगाने बारीक, आवाजाने मोठे. चारचौघांत मला 'गावंडेसाहेब' म्हणत, तेही असं की ऐकणाऱ्याला हसू यावं. डब्यात आम्ही दोघंच असलो की 'वऱ्हाडी'.

"वऱ्हाडी, खिडकीतून बघ आधी," ते म्हणत. "गणित काय, घरी पण करता येतं."

मी कागदावरच्या रेघेत एक खाच पाहून तिचं कारण आकडेमोड करून शोधत बसलो होतो. खिडकीतून पाहिलं तर गाडी पुलावरून जात होती आणि ड्रायव्हरने हात आवरला होता.

डब्याचा एक नियम होता. परीक्षेच्या दिवशी सकाळी गाडी निघण्याआधी यार्डात त्या स्प्रिंगला तरफेवरून ठराविक वजनं टांगायची आणि पेन बरोबर त्या-त्या वजनाच्या रेघेवर येतंय का ते पाहायचं. मग वहीत दोन सह्या, एक परबांची आणि एक इंजिनीअरची. मग स्प्रिंगच्या स्क्रूला शिशाचं सील. परबांनी बारा वर्षांत एकदाही हे चुकवलं नव्हतं.

डिझेल परळला आलं तेव्हा बघायला जत्रा लोटली. दुपारच्या सुट्टीत कारखान्यातली निम्मी माणसं तिथे. कोणी त्याचं धुराडं शोधत होतं, कोणी कोळसा कुठे भरतात ते. परबांच्या ओळखीचे लालबागच्या एका कापडगिरणीतले जॉबर, म्हणजे मुकादम, आले होते. मी मोठ्या उत्साहाने त्यांना समजावून सांगितलं की आतलं तेलाचं इंजिन चाकं फिरवत नाही. ते जनरेटर फिरवतं, जनरेटर वीज करतो आणि त्या विजेवर चाकांजवळच्या मोटारी फिरतात.

"म्हणजे हे आपलं पॉवरहाऊस पोटात घेऊन फिरतंय?" जॉबर म्हणाले.

"हो, तसंच."

"आणि ते दुसरं, तारेवरचं?"

"त्याचं पॉवरहाऊस दूर कुठेतरी."

"मग ते शहाणं," जॉबर म्हणाले. "घरचं ओझं घरी ठेवून कामावर येतं."

सगळे हसले. मीही हसलो. त्यांनी एका वाक्यात जे सांगितलं होतं, ते मला कळायला पुढे महिना लागला.

आधी विजेच्या इंजिनाची परीक्षा झाली, कल्याण ते कसारा. इंजिनाच्या शक्तीवरून किती ओढ यायला हवी याची रेघ मी आधीच काढून ठेवली होती. परबांच्या पेनाची रेघ तिच्यावर जवळजवळ बसली. चार दिवसांनी डिझेलची पाळी. तीच गाडी, तेवढेच डबे, तोच रस्ता. त्या सकाळी मी यार्डात वजनांपाशी हजर राहायला हवं होतं. पण डिझेल बाजूच्या रुळावर उभं होतं आणि त्याचं दार उघडं होतं. मी बॅटरी घेऊन आत शिरलो. आतल्या इंजिनावर पितळी पाटी होती, तिच्यावरचा अश्वशक्तीचा आकडा मी वहीत उतरवून घेतला. कंपनीच्या पुस्तकातली आलेखांची पानं मुख्य कचेरीत अडकली होती, त्यामुळे हा आकडा मिळाल्याचा मला फार आनंद झाला. बाहेर आलो तेव्हा गाडी जोडून तयार होती.

"सही राहिली तुमची, गावंडेसाहेब," परब म्हणाले.

"पेन बरोबर आलं ना?"

"आलं."

"मग संध्याकाळी करतो."

ती सही राहूनच गेली.

डिझेलचा कागद उलगडला तेव्हा माझी रेघ वर आणि परबांची रेघ खाली. कल्याणपासून कसाऱ्यापर्यंत, सगळीकडे साधारण एक-पंचमांश कमी. मी तीनदा गुणाकार केले. मग कागद आमच्या साहेबांकडे नेला.

विजयकर साहेब गिरगावातल्या ठाकूरद्वारचे, पिढ्यान्‌पिढ्या मुंबईकर. पांढरा ड्रिलचा कोट आणि साखळीचं घड्याळ. कोणावर आवाज चढवलेला मी ऐकला नाही. सगळी हयात वाफेच्या इंजिनांत गेलेली.

"दोन शक्यता दिसतात," ते म्हणाले. "इंजिन कमी ओढतंय किंवा पेन कमी दाखवतंय. इंजिन नवं कोरं आहे. वजनांच्या वहीत तुमची सही नाही, गावंडे. तुम्ही होतात तिथे?"

"नव्हतो साहेब. इंजिनापाशी होतो."

त्यांनी परबांना बोलावलं.

"परब, आदल्या संध्याकाळी कुठे होतात?"

"नरे पार्कात, साहेब. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला."

"घरी कधी गेलात?"

"सभा संपल्यावर."

"आणि सकाळी वजनं टांगलीत?"

"टांगली. नेहमीसारखी."

साहेब घड्याळाच्या साखळीशी चाळा करत राहिले. "तुमच्या सभेबद्दल मी काही म्हणत नाही," ते शेवटी म्हणाले. "पण माणसाचं लक्ष एका वेळी एकाच ठिकाणी असतं."

तिसऱ्या दिवशी परबांना मेमो मिळाला. कामात हयगय, म्हणून मापाच्या डब्यावरून काढून स्प्रिंग शॉपमध्ये बदली. मी मात्र साहेबांनी सांगितल्याप्रमाणे डिझेलच्या कागदावरचा प्रत्येक आकडा सव्वाने गुणला, पेनाची चूक दुरुस्त झाली असं समजून तक्ता पूर्ण केला आणि तो मुख्य कचेरीत गेला. त्या तक्त्यात डिझेल विजेच्या फार मागे नव्हतं. इगतपुरीचा खोळंबा वाचवल्यामुळे एकूण प्रवासात ते बरंच पुढे होतं. कारंजा जवळ आलं होतं.

पण ते एक-पंचमांश मला स्वस्थ बसू देईना. पेन खराब असतं तर ते कधी कमी, कधी जास्त चुकलं असतं. हे इतकं नेमाने का चुकतंय? त्या रविवारी मी घोडपदेवला परबांच्या खोलीवर गेलो. ते दारात खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होते. मी कसा बसलो, कसं विचारलं, आठवत नाही. पण विचारलं.

"काका, वजनं खरंच टांगली होती ना?"

त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं नाही. "तुला काय वाटतं?"

"मला कळत नाही."

"मग माझ्या सांगण्यावर कशाला जातोस? मी सांगणार टांगली. तुझा साहेब सांगणार नाय टांगली. डबा तिथंच उभा आहे, वजनं तिथंच आहेत. सील पण माझंच आहे, कोणी तोडलं नसेल तर. टांगून बघ."

आतून काकू म्हणाल्या, "आधी तेका चाय तरी पिऊ द्या."

"पिऊ दे की," परब म्हणाले. "चहाला कोण नाय म्हणतंय?"

चहा पिऊन मी निघालो. ते मला जिन्यापर्यंत सोडायला आले नाहीत. एरवी यायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन खलाशी, म्हणजे रेल्वेचे मजूर, घेऊन यार्डात गेलो. परीक्षेनंतर डबा कुलपात होता. स्क्रूवरचं शिशाचं सील जसंच्या तसं. वजनं टांगली. पेन रेघेवर आलं. उतरवली, पुन्हा टांगली. पुन्हा रेघेवर. तिसऱ्यांदा जड वजन आधी आणि हलकं नंतर असा क्रम बदलून पाहिला. पेन केसभरही हललं नाही. खलाशी माझ्या तोंडाकडे बघत होते. मी त्यांना वजनं उतरवायला सांगितली आणि काही बोललो नाही.

म्हणजे कागद बरोबर होता. मग चूक कुठे होती?

डिझेल शेडमध्ये सुरू करून ठेवलं होतं. मी परवानगी घेऊन आत गेलो. दोन्ही बाजूंना यंत्रं आणि मधून एक माणूस आडवा जाईल एवढी वाट. कानठळ्या बसवणारा आवाज. पाण्याचे रेडिएटर थंड ठेवणारा माणसाएवढा पंखा फिरत होता. मोटारींना वारा घालणारे पंखे वेगळे, ब्रेकसाठी हवा दाबणारा पंप वेगळा. जनरेटरच्या कडेला हात नेला तर धग लागली. मला कारंज्याची पिठाची गिरणी आठवली, तिच्यात तर दोनच वस्तू होत्या, इंजिन आणि जातं. इथे एवढे सगळे खाणारे. हे पंखे कोण फिरवतंय? ही धग कुठून आली? मी मागे वळून ती पितळी पाटी पाहिली. या वेळी आकडा वाचला नाही, ती कुठे ठोकली आहे ते पाहिलं. ती तेलाच्या इंजिनावर होती. त्यावरची शक्ती ही त्या इंजिनाच्या दांड्यावरची शक्ती. तिथून पंखे, पंप, जनरेटर, मोटारी असं करत चाकांपर्यंत पोचेतो तिच्यातून जवळपास एक-पंचमांश वाटेतच संपत होती. आणि विजेच्या इंजिनाचा जो आकडा मी घेतला होता, तो चाकांजवळच्या मोटारींचा होता, सगळं वजा होऊन उरलेला. मी एकाची बाजारात घेतलेली मासळी आणि दुसऱ्याची साफ करून कालवणात पडलेली मासळी एका तागडीत घातली होती. ही उपमा परबांची. नंतर अनेक वर्षं ते मला बाजारात बघून विचारायचे, "काय साहेब, साफ करून मोजणार की तशीच?"

खरं सांगतो, ते कोडं सुटल्याचा आनंद एवढा झाला की पाव तास मी त्या धगीत उभा राहून हसत होतो. नंतर परब आठवले.

इथून पुढचं लिहायला जड जातं. माझा प्रोबेशनचा काळ त्याच महिन्याच्या अखेरीस संपत होता. कायम झाल्याचा हुकूम विजयकर साहेबांच्या शिफारशीवर यायचा. कारंज्याला वडिलांनी काम सोडलं होतं, धाकट्या दोन बहिणी शाळेत होत्या. साहेबांच्या नावाने मुख्य कचेरीत गेलेला तक्ता चुकीचा, आणि तो मी चुकवला, हे आत्ता सांगितलं तर काय होईल? मी एकदा जिना चढून त्यांच्या दारापर्यंत गेलो. त्यांनी वर पाहिलं. मी रेखाटनाची कडक पेन्सिल मागितली आणि परत आलो. रोज ठरवायचो, उद्या. स्प्रिंग शॉपच्या बाजूने जाणं मी टाळू लागलो.

हुकूम आला तो दिवस गुरुवार. शनिवारी माझ्या तक्त्यावरून बांधलेल्या वेळेत डिझेल जोडून जलद गाडी इगतपुरीपर्यंत चालवून बघायची ठरली होती. मुख्य कचेरीतले वरिष्ठ येणार होते. गुरुवारी बोललो नाही, शुक्रवारीही नाही. आता सगळं ठरलंय, असं मनाला सांगितलं.

शनिवारी सकाळी आम्ही मापाच्या डब्यात होतो. परबांच्या जागी नवा माणूस बटण दाबत होता. साहेब घड्याळ हातात धरून बसले होते. कल्याण येईपर्यंत दोन मिनिटं मागे पडलो. टिटवाळ्याला तीन. पुढे रूळ चढत जातात. आसनगावला सहा. माझ्यासमोर कागदावर रेघ उमटत होती, अगदी परबांनी काढली होती तिथेच. ती कुठे जाणार हे मला पुढच्या दगडाआधी सांगता येत होतं. बाहेर पळसाची झाडं मागे जात होती.

आटगाव गेल्यावर वरिष्ठांपैकी एकजण म्हणाले, "ड्रायव्हर हात राखून चालवतोय. नव्या इंजिनाची भीती असते या लोकांना."

ड्रायव्हर पिंटो. बावीस वर्षांची नोकरी. कसारा जवळ आलं तसे साहेब खिशातून पेन काढून वहीत काही लिहू लागले. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. पिंटोचं नाव लिहिलेलं दिसलं.

"साहेब," मी म्हणालो, "गाडी बरोबर चालली आहे. तक्ता चुकला आहे."

सगळ्यांसमोर मी पाटीचं सांगितलं, पंख्यांचं सांगितलं, सव्वाने गुणल्याचं सांगितलं. वरिष्ठ एकमेकांकडे पाहू लागले. साहेबांनी वही मिटली.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"तीन आठवडे होत आले."

"आणि तुमची ऑर्डर कधी आली?"

"परवा."

त्यांनी वही खिशात ठेवली. मला रागावले असते तर बरं झालं असतं. कसाऱ्याला गाडी थांबली तेव्हा ते स्वतः खाली उतरले, खडीवरून चालत इंजिनापर्यंत गेले आणि पिंटोला म्हणाले, "तुम्ही उत्तम चालवलीत. वेळापत्रक चुकीचं होतं." परत आल्यावर मला एवढंच म्हणाले, "वाफेच्या बाबतीत ही चूक मी तुम्हाला करू दिली नसती. डिझेल मलाही नवं होतं. नवं होतं म्हणून मी विचारायला हवं होतं, तर मी विचारलं नाही. पण माझी चूक न कळण्याची होती."

तक्ता नव्याने झाला. त्याचं उत्तर साधं होतं. मुंबई ते इगतपुरी, जिथे वारंवार थांबायचं, वेग घ्यायचा आणि चढायचं, तिथे तारेवरचं इंजिन सरस. तारा नसतील तिथे जलद गाडीला डिझेल वाफेपेक्षा कितीतरी चांगलं, पण त्याच्याकडून तेवढ्याच वेगाची अपेक्षा असेल तर गाडीचे डबे कमी करा किंवा दोन इंजिनं जोडा. पुढे आयुष्यभर मी हेच वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगत आलो. सोसायटीतल्या लोकांनाही हेच सांगायचं असतं. ती दिवसाची नागपूर गाडी त्या खेपेला निघाली नाही.

सोमवारी मी स्प्रिंग शॉपमध्ये गेलो. परब हातोडीने स्प्रिंगची पानं ठोकून आवाज ऐकत होते. तडा गेलेलं पान बद्द वाजतं. मी उभा राहिलो. त्यांनी आणखी दोन पानं वाजवली.

"साहेब आले होते सकाळी," ते म्हणाले. "मेमो मागे घेतला म्हणाले."

"हो. तसं लिहूनही येईल."

"इंग्रजीत येईल ना? पहिला पण इंग्रजीतच होता. इथं सही केली, घरी गेलो, चाळीतल्या मास्तरांकडून वाचून घेतला. गॅलरीत उभं राहून वाचला त्यांनी, मोठ्याने. मी कामचुकार हे आधी चाळीला कळलं, मग मला."

"काका, चुकलो मी."

"तोंडी नको. लिहून दे. मराठीत. मी स्वतः वाचीन."

"फायलीत मराठी घेणार नाहीत."

"फायलीला कोण देतंय? मला दे." त्यांनी हातोडी खाली ठेवली. "आणि वजनं टांगलीस तो दिवस लिही त्यात."

"तो दिवस? तुम्हाला कसं कळलं?"

"खलाशी दोघं घोडपदेवचेच," ते म्हणाले. "त्याच संध्याकाळी सांगायला आले. म्हणाले, वऱ्हाड्याने तीनदा टांगली आणि तीनदा गप्प झाला."

"मग तुम्ही साहेबांना का नाही सांगितलंत?"

"मी सांगितलं असतं तर ते माझं सांगणं झालं असतं. साहेबांना माझं सांगणं पटलं असतं तर मी इथं कशाला असतो?"

परब त्याच आठवड्यात डब्यावर परत आले. पुढे नऊ वर्षं आम्ही एकत्र काम केलं आणि वजनांच्या वहीत माझी सही पुन्हा कधी राहिली नाही. ते मला शिकवत राहिले, चिडवत राहिले, घरी जेवायला बोलावत राहिले. त्या तीन आठवड्यांबद्दल एक शब्द कधी काढला नाही. मीही नाही. ते गेल्यावर त्यांच्या मुलाने मी तेव्हा लिहून दिलेली चिठ्ठी मला परत आणून दिली. ती अशी:

परळ, सोमवार

श्री. यशवंत परब यांस,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

डिझेल इंजिनाच्या परीक्षेत तुम्ही काढलेला कागद बरोबर होता. माझा हिशेब चुकला होता. इंजिनावरच्या पाटीचा आकडा मी चाकांवरची शक्ती म्हणून धरला. कागद माझ्या हिशेबाशी जुळेना, म्हणून तुमच्या कामात हयगय झाली असं ठरलं. तशी हयगय झाली नव्हती. त्या सकाळी वजनं तुम्ही टांगली. तिथे हजर राहून सही करायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही.

तुमच्या घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी सील न तोडता तीनदा वजनं टांगून पाहिली. तीनही वेळा पेन रेघेवर आलं. तुम्ही खरे आहात हे मला त्या दिवशी सकाळी साडेनवाच्या सुमारास कळलं. त्यानंतर मी एकोणीस दिवस गप्प होतो. नोकरी कायम होण्याची वाट पाहत होतो. हुकूम गुरुवारी आला. त्यानंतरचे दोन दिवस का गप्प होतो याचं कारण मी शोधलं, ते मला सापडत नाही.

ही चिठ्ठी तुम्ही कोणालाही वाचून दाखवावी. मी मोठ्या अक्षरात लिहिली आहे. गॅलरीत उभं राहून वाचता येईल.

आपला,
रामदास गावंडे
सहायक इंजिनीअर (कायम)